भरवसा आपल्यापुरता

मराठवाड्यात देवावरचा भरवसा दर जूनमध्ये नव्याने कसाला लागतो. मृग कोरडा गेला की गावोगाव महादेवाचा गाभारा पाण्याने भरतात, पोरं धोंडी काढतात, पारावर सप्ताह बसतो. पाऊस आला की ‘देवानं ऐकलं’. नाही आला की ‘आपलंच काहीतरी चुकलं असंल’. श्रावणातल्या शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून हजारो माणसं रात्रभर चालत, दौलताबादचा घाट चढून खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जातात. कुणाची भरती तोंडावर असते, कुणाचं लग्न जमत नसतं, कुणाच्या घरी दुखणं असतं. काम झालं की नारळ आणि पेढे घेऊन पुन्हा चालत यायचं. ज्यांचं काम झालं नाही तेही पुढच्या वर्षी येतात, आणि मला जास्त कुतूहल आहे ते या दुसऱ्या लोकांचं.

हा हिशेब एकतर्फी आहे, हे उघड आहे. जमेची बाजू सगळी देवाकडे, खर्चाची सगळी आपल्याकडे. चांगलं झालं तर कृपा, वाईट झालं तर कर्म, परीक्षा किंवा नवस फेडायचा राहिला म्हणून. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की ज्या दाव्याला कुठलीच घटना खोटं ठरवू शकत नाही, तो दावाच नव्हे. त्याचं म्हणणं खरं आहे. पण घाट चढणारा माणूस दावा करायला निघालेलाच नसतो. त्याच्या हातात पाऊस नाही, परीक्षेचा निकाल नाही, आईच्या मूत्रपिंडाचा अहवाल नाही. जे हातात नाही त्याच्याशी कसं राहायचं, याची एक रीत त्याला आजोबांकडून मिळालेली असते. तिने त्याला झोप लागत असेल तर त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते हाच हिशेब शेजाऱ्याच्या वहीत मांडायला घेतला की. माझ्या पडझडीला मी ‘देवाची इच्छा’ म्हणालो तर तो माझा भरवसा. शेजाऱ्याच्या पडझडीला मी तेच म्हणालो तर तो निवाडा झाला, आणि तो देण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. शब्द तेच, पण बोलणारा आणि सोसणारा वेगवेगळे झाले की त्यांचा अर्थ उलटा होतो. देवावरचा भरवसा ही फक्त आपल्या स्वतःच्या सुखदुःखावर लावायची गोष्ट आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि हे मी एखाद्या आधुनिक सोयीसाठी म्हणत नाही. संभाजीनगर जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या संतांच्या वागण्यात ते जवळपास नियमासारखं दिसतं.

आधी उलटं उदाहरण घेऊ. १९९३ सालची अनंत चतुर्दशी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांनी गणपती विसर्जन केलं, लोक घरी येऊन झोपले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. ज्या देवाला त्यांनी काही तासांपूर्वी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून निरोप दिला, त्याच्यावर या माणसांचा भरवसा कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे? ‘पापाचा घडा भरला’, ‘कलियुग’ हे शब्द आपल्याकडे अशा प्रत्येक वेळी कुठून तरी उगवतातच. माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मणामणांच्या ओझ्याखाली. त्या भिंती उन्हाळ्यात गार राहायच्या, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तशाच बांधल्या जात होत्या, आणि दख्खनचं पठार हलत नाही असा सगळ्यांचा समज होता. यात पाप कुठे आणि घडा कुठला? पुनर्वसनात नव्या जागी भूकंपाला टिकतील अशी घरं उभी राहिली. त्या घरांत देव्हारेही पुन्हा मांडले गेले. ते मांडायचे की नाही, हे ज्यांचे गेले त्यांनी ठरवलं. त्यात बाकीच्यांनी बोलण्यासारखं काही नव्हतं.

ही चूक लहान माणसंच करतात असं नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलची ईश्वरी शिक्षा आहे असं सांगितलं. गांधीजींचा हेतू मोठा होता, अस्पृश्यतेविरुद्धचा त्यांचा दौरा चालू होता. तरीही रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली, आणि गांधीजींनी ती आपल्या ‘हरिजन’मध्ये छापली. निसर्गातल्या उत्पाताला नैतिक कारण चिकटवणं टागोरांना अविवेकी वाटलं. मला त्यात आणखी एक गोष्ट खटकते. शिक्षा झाली असं म्हणायचं तर ती बिहारच्या गरिबांना झाली, त्यात अस्पृश्यही आले, आणि तिचा अर्थ सांगणारा मात्र ढिगाऱ्याखाली नव्हता. गांधीजींनी हेच स्वतःच्या आजाराबद्दल म्हटलं असतं, आणि ते अनेकदा म्हणतही असत, तर टागोरांनी पत्र लिहिलं नसतं.

बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीचा कणा हाच आहे. सगळं वैभव, मुलंबाळं, आरोग्य गमावून तो राखेत बसतो. त्याचे मित्र भेटायला येतात, त्याची दशा पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी न बोलता बसून राहतात. तोवर सगळं ठीक असतं. मग ते बोलू लागतात आणि देवाची बाजू घेऊन समजावतात की तुझं काहीतरी चुकलं असणार, देव विनाकारण शिक्षा करत नाही. ईयोब मात्र देवाशीच भांडतो, त्याला जाब विचारतो. शेवटी देव बोलतो तेव्हा तो मित्रांवर रागावतो: माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. देवाची वकिली करणारे हरले आणि देवावर फिर्याद करणारा जिंकला! हाच ईयोब मुसलमानांचा हजरत अय्यूब, सब्राचा, म्हणजे धीराचा, दाखला म्हणून घराघरांत सांगितला जाणारा. सब्र हाही शब्द मला स्वतःला सांगण्यापुरताच शोभतो.

खुलताबादला भद्रा मारुतीपासून हाकेच्या अंतरावर बुर्‍हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य तुघलकाने राजधानी हलवली त्या काळात दौलताबादेत आले आणि १३३७ मध्ये इथेच निवर्तले. चिश्ती परंपरेत तवक्कुल म्हणजे ईश्वरावर भार टाकणं हा मोठा गुण, आणि त्याची खूण काय, तर खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, जे काही न मागता येईल ते उद्यासाठी साठवायचं नाही, आलेल्या-गेलेल्याला वाटून टाकायचं. उद्याची काळजी देवावर टाकली ती स्वतःच्या उद्याची. दारात आलेल्या भुकेल्याला ‘तूही देवावर टाक’ असं सांगून परत पाठवायची मुभा त्यात नव्हती. आणि आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, हे पैगंबरांच्या नावे सांगितलं जाणारं वचन तर आपल्या ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ या टोमण्याचा सख्खा भाऊच.

आता आपल्या लोकांकडे येतो. १६३० च्या आसपासच्या दुष्काळाने तुकोबांचा वाण्याचा धंदा बुडाला, थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी अभंगात देवाला सांगितलं की दिवाळं निघालं, दुष्काळाने गांजलं, हे बरंच झालं, कारण त्यामुळे तुझी आठवण राहिली. महाराष्ट्रात देवावरच्या भरवशाचा दाखला म्हणून हाच अभंग पुढे केला जातो. पण तो एकटा वाचला तर अर्धाच तुकाराम हाती येतो. उरलेला अर्धा इंद्रायणीच्या डोहात आहे. परंपरा सांगते की घरात लोकांकडून येणं असलेली कर्जखतं होती. तुकोबांनी ती धाकट्या भावाशी वाटून घेतली, भावाचा वाटा भावाला दिला, आणि आपल्या वाट्याची खतं पाण्यात सोडली. जो दुष्काळ तुकोबांनी भोगला तोच त्यांच्या कुळांनीही भोगला होता. स्वतःच्या दिवाळ्याला त्यांनी देवाची कृपा म्हटलं. कुळांना मात्र ‘तुमच्यावरही कृपाच झाली, आता व्याज भरा’ असं म्हटलं नाही. त्यांनी कागद बुडवले. गाथेतल्या त्या अभंगाला वजन येतं ते या कृतीमुळे. ज्याने वसुली चालू ठेवली त्याच्या तोंडी तो ऐकवला नसता.

याच तुकोबांनी देवाशी किती भांडणं केली! त्याला निष्ठुर म्हटलं, दिवाळखोर म्हटलं, आपल्या लेखी तो मेला असंही एकदा म्हणून टाकलं. भरवसा म्हणजे तक्रार न करणं, अशी समजूत वारकऱ्यांत कधी नव्हती. ती अलीकडच्या ‘सकारात्मक विचार’ शिकवणाऱ्या भाषणांतून आली असावी, असा मला संशय आहे.

आणि एकनाथ. पैठण आजच्या संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या, म्हणजे देवगिरीच्या किल्ल्यावर किल्लेदार. नाथांचं सोळाव्या शतकातलं आयुष्य आपल्याला बरंचसं अठराव्या शतकातल्या चरित्रकारांकडून, मुख्यतः महिपतींकडून कळतं. त्या कथा घडल्या तशाच घडल्या असतील का, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही. पण लोकांनी चारशे वर्षं नेमकं काय आठवणीत ठेवायचं ठरवलं, ते मात्र त्यांतून स्वच्छ दिसतं.

पहिली कथा पैची. जनार्दनस्वामींनी तरुण एकनाथांकडे किल्ल्याचे हिशेब सोपवले होते. एकदा एका पैची चूक सापडेना. रात्रभर दिव्यापाशी बसून नाथ वह्या चाळत राहिले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवून उठले. गुरू म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, तर हेच चित्त देवाकडे लागलं तर काय होईल! कीर्तनात ही गोष्ट सहसा शेवटच्या वाक्यासाठी सांगतात. मला ती रात्र महत्त्वाची वाटते. मराठी भक्तीतला एवढा मोठा माणूस ‘एका पैने काय होतं, देव बघून घेईल’ असं म्हणाला नाही. ज्या गोष्टी माणसाच्या हिशेबात बसतात त्यांचा हिशेब त्याने चोख केला. देवावर टाकायच्या गोष्टींची यादी त्याच्यापाशी आपल्यापेक्षा बरीच छोटी असावी.

दुसरी कथा सगळ्यांना पाठ असलेली. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला न्यायची, हे पुण्य जन्माचं. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव. बरोबरच्या यात्रेकरूंनाही ते दिसलंच असेल, आणि प्रत्येकापाशी चालत राहण्याचं धार्मिक कारण तयार असेल: प्राण्याचं प्रारब्ध, पाण्याचं पावित्र्य, यात्रेचा संकल्प. नाथांनी कावड उतरवली आणि पाणी गाढवाच्या तोंडात ओतलं. माझा रामेश्वर मला इथेच पावला, असं त्यांचं म्हणणं पडलं. इथे भरवसा दोन्ही बाजूंनी काम करताना दिसतो. स्वतःच्या पुण्याबाबत नाथ निर्धास्त आहेत, कावड रिकामी झाली तरी देव रागावणार नाही याची त्यांना खात्री आहे. म्हणूनच गाढवाच्या तहानेबाबत ते मुळीच निर्धास्त नाहीत. ज्याला आपल्या पुण्याची चिंता होती त्याला मात्र गाढवाजवळून सरळ पुढे जावं लागलं. नाथ गोदावरीवरून अंघोळ करून येत असता त्यांच्यावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसाची गोष्टही अशीच. नाथ दर वेळी परत नदीवर गेले आणि शेवटी त्याचेच आभार मानले की तुझ्यामुळे इतकी स्नानं घडली. स्वतःच्या अपमानाचा हा अर्थ त्यांनी लावला. दुसऱ्या कुणावर थुंकणाऱ्याचे आभार मानल्याची एकही कथा नाही.

इथवर येऊन नाथांचा जयजयकार करून मोकळं होता आलं असतं. पण संभाजीनगरातच बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, आणि त्यांनी एकनाथांबद्दल काय लिहिलं ते बाजूला ठेवून हा विषय पुरा होत नाही. प्रभातचा ‘धर्मात्मा’ १९३५ साली आला, बालगंधर्व त्यात एकनाथ झाले होते. अस्पृश्यांना शिवणारा, त्यांच्या पंगतीला बसणारा नायक पडद्यावर गाजला. आपल्या ‘जातिनिर्मूलन’ या पुस्तकावर गांधीजींनी घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देताना बाबासाहेबांनी या चित्रपटाचा उल्लेख केला आणि सांगितलं की नाथांनी हे केलं ते जातिव्यवस्थेला विरोध म्हणून नव्हे, विटाळ गंगास्नानाने धुतला जातो या समजुतीवर. संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतली नाही, हा त्यांचा मूळ आरोप. मला तो खोडता येत नाही. नाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना वाढल्याची कथा खरी मानली, तरी दुसऱ्या दिवशी गावकुसाबाहेरची वस्ती गावकुसाबाहेरच होती.

मात्र या आरोपाच्या मुळाशी गेलं तर माझ्या म्हणण्याला याहून भक्कम पुरावा सापडणार नाही. दुसऱ्याच्या दुःखावर देवाचं नाव चिकटवण्याचा भारतातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दीर्घ प्रयोग म्हणजे जात. मागच्या जन्मीचं कर्म म्हणून हा जन्म. आता गप सोस, पुढचा बरा मिळेल. हे ज्यांनी सांगितलं त्यांना ते सोसायचं नव्हतं. चोखोबांनी विठ्ठलाला जाब विचारला. बाबासाहेबांनी आपला अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला, आणि १९५६ मध्ये जिथे असा जाब विचारायला देवच नाही असा धम्म घेतला. मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवनात शिकलेल्या कितीतरी पिढ्यांनी देवावाचून चांगले आणि वाईट दिवस काढले, ताठ मानेने काढले. भरवशाशिवाय माणूस कोलमडतो, असं म्हणणाऱ्या आस्तिकाने संभाजीनगरात राहून तरी ते म्हणू नये.

याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे. (खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या १६२८ ते १७०० मधल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या.) त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो, कारण बहुधा त्यांनी स्वतःबद्दल फार खरं लिहिलं. कळायच्या आत तिशीच्या बिजवराशी लग्न झालं, मग तंट्यातून रातोरात गाव सुटलं, मागत मागत कोल्हापूर गाठलं. तिथे एका वासराचा त्यांना लळा लागला, ते कीर्तनालाही बरोबर येई. मुलगी कीर्तनात रमते, आणि पुढे तर शूद्र तुकारामाला गुरू मानते, म्हणून वैदिक नवऱ्याने तिला मारलं, बांधून घातलं. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवलं आहे. सतराव्या शतकात नवऱ्याने मारल्याचं स्वतःच्या नावाने लिहिणारी बाई सहज सापडणार नाही. बाईचा जन्म, वेद ऐकायची बंदी, परमार्थाला नवऱ्याची परवानगी: मी असं काय पाप केलं, असं त्या देवाला विचारतात. कधी त्या पूर्वजन्माचं उत्तर स्वतःला देतात, शेवटी तर मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगतात. आपल्या डोळ्यांना ते उत्तर पटणार नाही. पण ते त्यांनी स्वतःला दिलेलं आहे, आणि त्यावर त्या उभ्या राहिल्या.

मला या कथेत जास्त बोलकी वाटते ती नवऱ्याची गोष्ट. बायकोच्या भक्तीला कंटाळून, ती गरोदर असताना, तो घर सोडून निघायचं ठरवतो आणि तापाने अंथरूण धरतो. पडल्या पडल्या त्याच्या मनात येतं की मी तुकारामाची निंदा केली त्याचं हे फळ असावं. बरा झाल्यावर तो बदलतो, आणि दोघं देहूला जातात. बघा, तर्क तोच आहे, आजार म्हणजे शिक्षा. शास्त्रीयदृष्ट्या तो जितका किल्लारीबाबत चुकीचा तितकाच इथेही चुकीचा. पण इथे तो माणसाने स्वतःवर लावला, आणि एका मुलीचा मार थांबला. हाच तर्क त्याने बायकोवर लावला असता, वासरू मेलं आणि ती दिवसचे दिवस शुद्ध हरपून पडली तेव्हा ‘ही तुझ्या पापाची फळं’ म्हणाला असता, तर? असं म्हणणारे नवरे तेव्हाही होते आणि आज संभाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यातही भेटतील.

आतापर्यंत वाईट दिवसांचंच बोललो. चांगल्या दिवसांत देवावर भरवसा ठेवणं सोपं असतं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये संभाजीनगरातल्या दीडशेच्या आसपास लोकांनी एकत्र खरेदी करून एकाच वेळी मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि तेव्हाच्या औरंगाबादचं नाव देशभर झालं. वाळूजचे कारखाने जोरात होते, जमिनींचे भाव चढत होते. प्रत्येक गाडीपुढे नारळ फुटला असणार, लिंबू-मिरची लागली असणार. पुढे २०१२-१३ चा दुष्काळ आला, जायकवाडीचा नाथसागर तळाला गेला, जनावरांच्या छावण्या लागल्या. गाडी घेणाऱ्यांवर माझा राग नाही. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या शहराने एकदा मिरवून घेतलं, इतकंच. प्रश्न वेगळा आहे. ‘देवाने दिलं’ असं आपण पेढा देताना म्हणतो तेव्हा ज्याला दिलं नाही त्याच्याबद्दलही आपण नकळत काहीतरी बोलून जातो. सुखातला भरवसा असा गुपचूप प्रमाणपत्र होऊन बसतो: मी लायक, म्हणून मला मिळालं.

नाथांच्या घरची श्रीखंड्याची कथा यावर फार मार्मिक आहे. देव श्रीखंड्या नावाच्या गड्याच्या रूपात नाथांकडे बारा वर्षं राहिला, गोदावरीवरून कावडी वाहून रांजण भरत राहिला, चंदन उगाळत राहिला. नाथांना ते कळलंच नाही. द्वारकेहून शोध घेत आलेल्या एका माणसाने सांगितलं तेव्हा श्रीखंड्या निघून गेलेला होता. पैठणच्या नाथवाड्यात तो रांजण आजही आहे. तुकाराम बीजेपासून तो भरायला घेतात आणि नाथषष्ठीच्या सोहळ्यात तो भरून वाहिला की देव आला असं मानतात. कथा रचणाऱ्याला नाथांची थोरवी वाढवायची असती, तर ‘नाथांनी देवाला क्षणात ओळखलं’ असं लिहिणं किती सोपं होतं. त्याऐवजी घरात सगळं नीट चाललं होतं त्या बारा वर्षांत, देव आपल्याकडे राबतो आहे हे या संताला ठाऊकच नव्हतं. म्हणून त्याने ते कुणाला सांगितलं नाही, त्याचा रुबाब केला नाही, त्यावरून कुणाला हलकं लेखलं नाही. सुखात देव सोबत असेल तर त्याने असंच, पाणी भरणाऱ्याच्या वेषात असावं. आपल्यालाच त्याची वर्दी लागली की आपण मिरवायला सुरुवात करतो.

यावर विवेकवादी मित्र विचारतील की मग भरवसा हवाच कशाला? गाढवाला पाणी पाजायला देव लागत नाही. बरोबर, लागत नाही. ज्यांना लागत नाही त्यांनी देवाशिवाय पाजावं, गाढवाला फरक पडणार नाही. पण काही माणसांचा जीव स्वतःच्या भीतीत इतका अडकलेला असतो की दुसरीकडे पाहायला त्यांना डोळेच उरत नाहीत. माझं काय होईल, मुलांचं काय होईल, मी मेल्यावर काय होईल. हा घोर कुणाच्या तरी हवाली करता आला तर हात मोकळे होतात. भरवशाचं काम मला एवढंच दिसतं. हात मोकळे झाल्यावर ते पुन्हा जोडूनच बसायचे असतील, तर मात्र मित्रांचा प्रश्न रास्त आहे.

मराठवाड्यात २०१५ साली एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. २०२३ मध्येही आकडा हजाराच्या वरच होता. आठ जिल्ह्यांतून येणारे हे आकडे संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तालयात जमा होतात. त्या प्रत्येक घरी तेराव्यापर्यंत माणसांची रीघ असते, आणि ‘देवापुढे कुणाचं चालतं’ हे वाक्य तिथे किती वेळा उच्चारलं जात असेल याची मोजदाद नाही. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला दुसरं काही सुचत नसतं. पण कापसाचा भाव, विम्याचा नाकारलेला दावा, सावकाराचा तगादा, आटलेली बोअर या गोष्टी देवापुढच्या नव्हेत, माणसांपुढच्या आहेत. मदतीचे एक लाख रुपये मिळायचे तर जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. खासगी हातउसनं, बटईने केलेली शेती, वाटणी न झालेला सातबारा अशा कारणांवर कितीतरी प्रकरणं अपात्र होतात. नवऱ्याच्या पश्चात त्या बाईला आपल्या दुःखाची कागदपत्रं गोळा करत तलाठी, बँक आणि तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात.

गावातल्या भजनी मंडळात हिशेब कळणारा एक तरी माणूस असतो; निवृत्त ग्रामसेवक, सोसायटीचा जुना सचिव, असा कुणी. त्याने तेराव्यानंतर तिच्या ओट्यावर बसून सातबारा, फेरफार आणि कर्जाचा उतारा एकाखाली एक लावावा, कुठली नोंद राहिली ते शोधावं, समितीने नाकारलं तर फेरविचाराचा अर्ज कसा करायचा ते विचारून यावं. एखादा आकडा जुळेना तर रात्र घालवावी. तिच्या नवऱ्याच्या मरणात देवाचा काय हेतू होता, याबद्दल तिच्यापाशी अवाक्षर काढू नये. त्याला देवाशी काही बोलायचंच असेल, तर ते घरी परतताना एकट्याने बोलावं. भांडलं तरी चालेल, तुकोबा भांडले होते.